धरसोड, अर्धा किलो

"दादा, धरसोड करू नका. देठं मोडतात."

रविवारी भर मंडईत भाजीवाल्या मावशींनी मला सुनावलं. माझ्या एका हातात जांभळं वांगं, दुसऱ्यात जळगावचं हिरवं. भरिताचं वांगं दिसलं की उचललं, असं नसतं. आकाराने मोठं पण हाताला हलकं लागलं तर बिया कमी, ही आईची शिकवण. त्यात जळगावच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. मानांकनवाल्याला नाही म्हणायला जीव धजत नाही. जांभळं मात्र वीस रुपयांनी स्वस्त होतं.

एवढ्यात शेजारचे काका खाकरले. झब्बा, कापडी पिशवी, हातात कोथिंबिरीची जुडी.

"मावशी, शब्द चुकला. धरसोड म्हणजे आज पेटी, उद्या तबला, परवा शेअर बाजार. आधी नीट धरावं लागतं, मग सोडायचं. यांनी अजून धरलंय कुठे?"

"धरलंय की! दोन्ही हातांत!"

"हातात धरलंय हो, मनात नाही. ही द्विधा मनःस्थिती."

"चलबिचल म्हणा ना," लिंबू निवडणाऱ्या एक बाई म्हणाल्या.

"चलबिचल आतल्या आत होते, ताई. यांचं सगळं बाहेर दिसतंय."

"तळ्यात-मळ्यात!" बाईंचा मुलगा ओरडला आणि टाइल्सवर उड्या मारू लागला. काका त्याच्यावर खूश झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गीता, चौथा अध्याय, चाळिसावा श्लोक. संशयात्मा विनश्यति."

अर्ध्या किलो वांग्यांपायी थेट विनाश! अर्जुनाने दोन सैन्यांच्या मधोमध रथ थांबवला, तर त्याला अठरा अध्याय समजावून सांगितलं. त्याची देठं मोडतात म्हणून कुणी खेकसलं नव्हतं.

मला खरा राग याचा येतो, की हे शब्द कायम पिशवीवाल्यांच्याच वाट्याला येतात. आमच्या गल्लीतला रस्ता खणला, बुजवला, डांबर टाकलं आणि पुन्हा खणला. तिथे फलक काय? 'काम प्रगतिपथावर'. मोठ्या माणसांचं ठरत नसेल तर प्रस्ताव 'विचाराधीन' असतो, पक्ष बदलायचा की नाही हे ठरत नसेल तर 'सर्व पर्याय खुले' असतात. माझे दोनच पर्याय होते, तेही खुले ठेवायची सोय नाही. पुढच्या महिन्यात मी पन्नाशीचा होईन. मुलीच्या शाळेपासून आईच्या ऑपरेशनपर्यंत सगळं मी ठरवलंय, आणि चारचौघांत मी ठरलो धरसोड्या.

मी दोन्ही वांगी खाली ठेवली. ठेवतो न ठेवतो तोच काकांनी ते हिरवं उचललं, वजन न करताच पिशवीत टाकलं, वर मावशींकडून दोन मिरच्या फुकट घेतल्या.

मी मुकाट्याने दुधी उचलला.

"ही मात्र तडजोड हं," काका म्हणाले.

त्यांना विचारलं होतं कुणी?