पाच लिटर टाकून बघितलं, मॅडम!

"एक थेंब नाही, मॅडम. पाच लिटर टाकून बघितलं."

हे वाक्य गेल्या आठ महिन्यांत मी तीन गॅरेजांत तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलंय. अरे, माझ्या गाडीची पेट्रोलची टाकी गळते आणि ती ५४ लिटरची आहे! पाच लिटरने तिचा तळ जेमतेम भिजतो. भोक वर आहे, वरच्या पत्र्याला. हे मी तोंडाने सांगितलं, बिलाच्या मागे चित्र काढून सांगितलं, मोबाईलवर फोटो दाखवून सांगितलं. समोरचा मान डोलावतो, माझ्या खांद्यावरून मागे बघतो आणि विचारतो, "साहेब नाही आले?"

नाही आले साहेब. साहेबांना स्टेपनी कुठे असते तेही ठाऊक नाही. गाडी माझी आहे आणि त्याआधी ती माझ्या बाबांची होती. १९७१ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, दोन माणसांची, उघड्या टपाची. बाबांनी १९७८ मध्ये मुंबईला वकिलातीतल्या एका माणसाकडून घेतली तेव्हा आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. दहाव्या वर्षापासून मी त्या गाडीखाली पाने धरून बसलेली आहे. पण गॅरेजात मी म्हणजे गाडी सोडायला आलेली बाई.

आणि हो, ते दुसरं वाक्य. "एमजी आहे ना? मग शोरूमला न्या की!" अहो, ही गाडी जिथे बनायची तो इंग्लंडातला ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आजच्या शोरूममधल्या पोराचा बाप तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात असेल.

तर टाकी. ती डिकीच्या तळाखाली बोल्टांनी लटकवलेली असते. टाकीचं डोकं आणि डिकीचा पत्रा यांच्यात बोट जाईल न जाईल एवढी फट. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल बरोबर त्या फटीत जाऊन बसतो. पुण्याच्या पावसात तो चार-चार महिने ओला राहतो, त्यात वर्षानुवर्षांची धूळ, माती, पालापाचोळा. टाकी आणि पत्रा यांच्यामध्ये लावलेल्या मऊ पट्ट्या स्पंजासारखं पाणी धरून ठेवतात. पत्रा वरून, कुणाच्या नजरेस न पडता सडत जातो. पन्नास वर्षं टिकला, त्या पत्र्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार माणसांबद्दल आहे.

कारण मेख अशी की टाकी अर्धी असेल तर ती गळतच नाही. भरली की पेट्रोल वरच्या भोकांपर्यंत चढतं, बाहेर येतं, कडेच्या जोडावरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून टपकतं. थेंब दिसतो खाली. मग मेकॅनिक आडवा होतो, बॅटरी मारतो, ओला कोपरा दिसतो आणि त्याचा चेहरा उजळतो. सापडलं!

पहिल्या गॅरेजवाल्याने त्या कोपऱ्यावर लांबी, म्हणजे भोक बुजवायची पुट्टी, मळून थापली. दोन पुड्या, मळा, दाबा, झालं. टाकी उतरवलीसुद्धा नाही. ₹२,८०० घेतले आणि वर ज्ञान दिलं की जुन्या गाड्यांना पोटच्या पोरासारखं जपावं लागतं. पोराचं डोकं फुटलं तर तू त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधशील का रे?

घरी येताना मी टाकी फुल्ल केली. शंभराच्या वर भाव, हिशेब तुम्हीच करा. सकाळी पार्किंगमध्ये गाडीखाली हे एवढं ओलं आणि सोसायटीच्या फळ्यावर नोटीस: "पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येत आहे. संबंधितांनी तातडीने दखल घ्यावी." संबंधित म्हणे. नाव लिहायची हिंमत नाही, पण चार मजल्यांना माहीत आहे संबंधित कोण ते.

त्या रात्री मी वरच्या फटीत बोट पोचेल तिथवर साबणाची वडी घासून भोकं बुजवली. हसू नका, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तात्पुरती गळती त्याने खरंच थांबते. दहा रुपयांची वडी ₹२,८०० च्या दुरुस्तीपेक्षा चार दिवस जास्त टिकली.

दुसऱ्याने टाकीकडे बघितलंही नाही. "मॅडम, हा होज गेलाय." तोंडापासून टाकीपर्यंत येणारा रबरी पाइप. आता तो गेलाच होता, हे मान्य. हल्ली पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ही गाडी आखली तेव्हा असलं काही कुणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, चिरतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी तळाला बसून आतूनही गंज धरतो. आपल्या उसाचा रस माझ्या गाडीच्या नरड्यातून जातोय याचा महाराष्ट्रीय म्हणून अभिमान वाटायला हवा होता. नाही वाटला. तर होज बदलला, चांगलं केलं. पण टाकी? "पाच लिटर टाकून बघितलं, मॅडम."

तिसरा मात्र महान निघाला. त्याने टाकी उतरवली! मला भरून आलं होतं. फोनवर म्हणाला, "आतून कोटिंग मारतो, दहा वर्षं बघायला नको." कोटिंग वाईट नसतं, पण आधी आतला गंज सगळा निघायला हवा. साखळी किंवा खिळे घालून टाकी खुळखुळवायची, धुवायची, पुन्हा धुवायची, पूर्ण कोरडी करायची, मग कोटिंग. याने गंजावरच ओतलं. तीन आठवड्यांत त्याचे पापुद्रे सुटले आणि टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीत जाऊन बसले. या गाडीचा पंप विजेवर चालतो. किल्ली फिरवली की मागून टक टक टक येतं आणि पुढे इंजिनापाशी पेट्रोल भरलं की थांबतं. लहानपणी मला वाटायचं, डिकीत घड्याळ आहे. त्या दिवशी चांदणी चौकाच्या चढावर ती टकटक मंदावत गेली, गाडीने दोन ठसके दिले आणि बंद. मागे पीएमपीची बस. बाजूने एकजण दुचाकी थांबवून व्हिडिओ काढत विचारतो, "काकू, विकणार का?"

विकणार? त्या क्षणी फुकट दिली असती. तेवढ्यात तो म्हणाला, "इलेक्ट्रिक करून टाका," आणि माझा विचार बदलला.

आता वेल्डिंगवाले. दोघांनी नाही म्हटलं आणि त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक असते. पेट्रोल ओतून टाकलं तरी वाफ आत राहते आणि हवेत ती दीड टक्का असली तरी ठिणगीला पुरते. नाही म्हणणाऱ्याला धंदा कळतो. मला धडकी भरवली ती तिसऱ्याने. तो तोंडात विडी ठेवून म्हणाला, "आणा, दोन मिनिटांत टाका मारतो." मी टाकी उचलली आणि अक्षरशः पळाले.

नवी टाकी मिळते. इंग्लंडात मिळते. या गाड्या पाच लाखांच्या वर बनल्या, तिकडे प्रत्येक बोल्ट अजून मिळतो. पण टाकी म्हणजे पत्र्यात गुंडाळलेली हवा. वजन नाही, पण खोकं केवढं! टाकीच्या किमतीपेक्षा ती आणायचा खर्च जास्त आणि त्यावर कस्टम. भाऊ अमेरिकेहून म्हणाला, "सामानातून आणतो." चेक-इनमध्ये पेट्रोलची टाकी. या घरात बाबांच्या मागे शहाणी मी एकटीच उरले आहे.

शेवटी नाना पेठेत एका बोळात रेडिएटरवाले चाचा भेटले. सत्तरीचे असतील. मी टाकी खाली ठेवली, तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "पाणी गळ्यापर्यंत भरून बघितलं का, बेटा?"

आठ महिने! आठ महिन्यांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस. साहेब कुठे आहेत हे विचारलं नाही. त्यांनी टाकी काठोकाठ भरली, वरचा पत्रा तारेच्या ब्रशने घासला, आणि घासता घासता एकेक भोक डोळे उघडत गेलं. एक, चार, नऊ. मग मोजणं सोडलं. चहाची गाळणी बरी. चाचांनी अंगठ्याने दाबलं तर अंगठा आत. "याला टाका नाही चालणार. सडका तुकडा कापायचा, नवा पत्रा बसवायचा, कथलाचा डाग द्यायचा." आधी सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकी खळबळून काढायची, कापायचं ते हाताच्या कात्रीने, ग्राइंडर नाही. आणि डाग देताना भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरून ठेवायचं, म्हणजे आत वाफेला जागाच नको. हे त्यांनी न विचारता सांगितलं. मला तिथेच खाली बसून रडावंसं वाटलं.

पण हे पुणं आहे, गोष्ट इथे संपत नाही. चाचांचा मुलगा म्हणाला, "मंगळवारी या." मंगळवारी गेले, दुकान बंद. पुढच्या मंगळवारी, "कथिल संपलंय." त्याच्या पुढच्या मंगळवारी चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आता त्यांच्यावर तरी कसं चिडू? टाकी आज तीन आठवडे नाना पेठेत पडून आहे. गाडी पार्किंगमध्ये, मागचा भाग लोखंडी घोड्यांवर चढवलेला, पोटात पेट्रोलचा थेंब नाही.

आणि काल फळ्यावर पुन्हा नोटीस. "वारंवार सूचना देऊनही" वगैरे.

मी बॅटरी घेऊन खाली गेले आणि एकेका गाडीखाली वाकून बघितलं. सेक्रेटरींच्या स्कूटरखाली बशीएवढा ओला डाग होता. बोट लावून वास घेतला. पेट्रोल.

वर आले, उरलेली साबणाची वडी कागदात गुंडाळली, कागदावर "संबंधितांस" लिहिलं आणि त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून आले.