२० हजारांत ‘लांब पल्ल्याची शिकारी रायफल’? त्या संदेशाचा प्रतिवाद

राधानगरी तालुक्यात ऊस करणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, “मामा, आगाऊ पैसे भरू का?” संदेशाचा मजकूर थोडक्यात असा: २० हजार रुपयांत स्कोपसह (नेम धरायच्या दुर्बिणीसह) लांब पल्ल्याची शिकारी एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा मारणारी बंदूक, परवान्याशिवाय मिळते, ती २०० मीटरवर रानडुक्कर लोळवते, स्वतःच्या शेतात मारलेल्या जनावराला कायदा लागत नाही, स्कोपचे झूम जितके जास्त तितका नेम पक्का, आणि शिकार ही तर कोल्हापूरची संस्थानकाळापासूनची परंपराच आहे. भाच्याला मी फोन करून थांबवले, पण आमच्या पै-पाहुण्यांच्या आणखी तीन गटांत हाच संदेश पोहोचलेला पाहिल्यावर सविस्तर लिहिणे भाग पडले.

परवान्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. परंतु त्याच संदेशात पुढे “दुकानदार जादा ताकदीची स्प्रिंग बसवून देतो” असे लिहिले आहे. ऊर्जा २० ज्यूलच्या वर गेली की ती सवलत संपते आणि विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा दुकानदाराबरोबर घेणाऱ्याच्याही माथी येतो.

सर्वांत घातक दावा २०० मीटरचा आहे. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला २० ज्यूल ऊर्जा दिली, तर तो सेकंदाला सुमारे २८० मीटर वेगाने सुटतो. हवेचा अडथळा शून्य धरला तरी २०० मीटर जायला त्याला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे अडीच मीटर खाली येतो. प्रत्यक्षात हवा त्याचा वेग झपाट्याने खात असल्याने घसरण याहून बरीच जास्त असते, आणि वाऱ्याने तो किती सरकेल हे वेगळेच. मोठ्या जनावरासाठी वापरल्या जाणाऱ्या .३०८ जातीच्या रायफलीची गोळी नळीतून सुटताना साधारण साडेतीन हजार ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. तिच्याशी २० ज्यूलची तुलना करणाऱ्याने आयुष्यात दोन्हींपैकी एकही हातात धरलेली नसावी. अशा छर्ऱ्याने जाड कातडीचे डुक्कर मरत नाही, ते जखमी होते. जखमी डुक्कर उसात शिरते आणि दुसऱ्या दिवशी त्याच फडात कोयता घेऊन ऊसतोडीची माणसे उतरतात, त्यांच्याबरोबर त्यांची लहान मुलेही असतात. संदेश लिहिणाऱ्याने त्यांचा क्षणभरही विचार केलेला नाही, आणि मला सर्वांत जास्त संताप याचा आहे.

“स्वतःच्या शेतात कायदा लागत नाही” हे धादांत खोटे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीची व्याख्या वाचावी: तीत ठार मारण्याबरोबर जखमी करणे, सापळा लावणे आणि तसा नुसता प्रयत्न करणेही येते, आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे याचा तेथे काहीही संबंध नाही. रानडुकराच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गवा तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत असल्याने त्याच्यासाठी कैद किमान तीन वर्षांची आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास बंदूक आणि वाहनही सरकारजमा होते. पिकाचे नुकसान करणाऱ्या डुकरांबाबत कायद्यात वाट आहे, पण ती अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशाची आहे. नुकसानभरपाईसाठी पंचनामा करून वनविभागाकडे अर्ज करता येतो. ती रक्कम उशिरा आणि तुटपुंजी मिळते ही शेतकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते, तरीही भाच्याला मी तोच अर्ज करायला लावला.

परंपरेबद्दल एवढेच पुरे की ज्या दाजीपूरच्या रानात कोल्हापूरचे संस्थानिक शिकार करीत, तेच रान आज गव्यांसाठी राखलेले राधानगरी अभयारण्य आहे.

राहिला स्कोप. झूम वाढवले की लक्ष्याबरोबर हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते, नेम सुधारत नाही. आपल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात दुर्बिणीला परवानगीच नसते, बारीक छिद्रातून नेम धरावा लागतो. शिवाय स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी बसतो, त्यामुळे स्वस्त स्कोपचे आतले भाग सैल होतात आणि बसवलेला नेम दर काही छर्ऱ्यांनी सरकतो. मोठ्या रायफलींसाठी बनवलेले पुष्कळ स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात, म्हणून १० मीटरवर त्यांतून चित्र धूसर दिसते आणि डोळा जरा हलला की नेमही हलतो.

भाच्याला नेमबाजीची आवड खरोखरच असेल, तर त्याने पहिले काही महिने क्लबच्या रायफलीवर, उघड्या नेमाने, १० मीटरवर कागदी लक्ष्याचाच सराव करावा. पुढे स्वतःची घ्यायचीच झाली तर ४.५ मिलिमीटरची, कारखान्यातून आली तशीच, पक्क्या पावतीसह घ्यावी आणि स्कोपचे पैसे चांगल्या छर्ऱ्यांवर खर्च करावेत. एकाच रायफलीत निरनिराळ्या छर्ऱ्यांच्या छिद्रांचा कागदावरचा घोळका लहान-मोठा पडतो, म्हणून चार प्रकारचे छर्रे कागदावर मारून पाहावेत आणि मगच मोठा डबा घ्यावा.