‘24 तासांत टाकी तयार’ म्हणे!

नवी फिश टँक घेतली की व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी हा मेसेज पाठवतंच: नळाचं पाणी भरा, अँटी-क्लोरीन टाका, 24 तास फिल्टर चालवा, पाणी नितळ दिसलं की मासे सोडा. वर निळ्या औषधाचे चार थेंब, आणि दर रविवारी खडी, स्पंज सगळं नळाखाली धुवा. यातलं अँटी-क्लोरीन तेवढं बरोबर आहे.

आधी ते 24 तास. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. काही बॅक्टेरिया या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे त्याचं पुढे नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य. पण या मंडळींना घाई नसते. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, कधी अख्खा दिवसही लागतो. म्हणून कोऱ्या टाकीला साधारण 4 ते 6 आठवडे द्यावे लागतात. त्यातही नायट्राइट संपवणारे मागून येतात. पहिल्या आठवड्यात ठणठणीत असलेला मासा तिसऱ्यात पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो, त्याचं कारण बहुधा हेच. नायट्राइट रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद मारतं. दुकानात मात्र ‘जातच नाजूक’ असं ऐकायला मिळतं.

नितळ पाण्याचं काय? अमोनियाला रंग नसतो. शिवाय 25 अंशांना पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) 7 वरून 8 वर गेला, तर त्याच अमोनियातला विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. बोअरच्या पाण्याचा पीएच बऱ्याचदा चढा असतो, ते वापरणाऱ्यांनी हे विसरू नये. टेस्ट किट घ्या, डोळ्यांवर जाऊ नका.

निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. बुरशीवर ते चालतं, पण वेगळ्या टाकीत. मुख्य टाकीत ते याच बॅक्टेरियांच्या मुळावर येतं.

रविवारची धुलाई तर कहरच. बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाहीत फारसे. ते स्पंजला, खडीला चिकटून राहतात. क्लोरीनच्या नळाखाली स्पंज पिळला की महिन्याची कमाई गटारात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका खळबळून घ्या, आणि पाणी बदलायचं ते पाव हिस्सा.

‘आमचे गप्पी असेच जगले’ हा युक्तिवाद खोटा नाही. मोठ्या टाकीत चारदोन काटक मासे तगतात. त्याच हिशोबाने दोन फुटी टाकीत सहा गोल्डफिश सोडले की गणित फिसकटतं.

खरी घाई असेल तर ओळखीच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवा. नुसतं जुनं पाणी आणून उपयोग नाही. नाहीतर रोज चिमूटभर खाणं टाकत रिकामी टाकी चालवा. अमोनिया आणि नायट्राइट आधी चढून मग दोन्ही शून्यावर आले आणि टिकले, की मासे थोडे थोडे आणा.