प्रवेश शुल्क, पुण्याची दवंडी आणि नियम क्रमांक सात : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया आठ दिवस तशीच पडून होती, त्याबद्दल आधी माफी. उत्तर लांबलं, कारण तुमचं निम्मं म्हणणं खरं आहे आणि ते निम्मं कोणतं, हे ठरवायला मला वेळ लागला.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. खानदेशातल्या कवी-लेखकांसाठी मी दर महिन्याला बातम्या आणि संधींची यादी देतो. ‘गावाकडचा कवी’ या नावानं लिहिणाऱ्या या वाचकांनी त्यांच्या मंडळाच्या काव्यस्पर्धेची माहिती पाठवली होती, प्रवेश शुल्क तीनशे रुपये. मी ती घेतली नाही. त्यावर त्यांनी लिहिलं : ‘नाव खानदेशचं लावता आणि दवंडी पुण्या-मुंबईची पिटता. आम्हाला ना अनुदान, ना देणगीदार. तीनशे रुपये घेतले तर काय बिघडलं? गावात एक कार्यक्रम करून बघा, मग बोला.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. केला आहे, दादा. तालुक्याच्या वाचनालयात, ऐन पावसाळ्यात. माइक भजनी मंडळाचा, सतरंज्या शाळेच्या, वीज दोनदा गेली. बाहेरगावहून तीन कवी आले होते आणि त्यांचं एसटीचं भाडं कुठून द्यायचं, हा प्रश्न चहा उकळेपर्यंत सुटलेला नव्हता. शेवटी वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी बिस्किटांचा रिकामा डबा दाराशी ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला नुसतं डब्याकडे बघून दाखवलं. भाडं निघालं, चहाचेही निघाले. तेव्हा पैशाची ओढाताण मला माहीत नाही, असं समजू नका. फक्त डबा कोणासमोर ठेवायचा, यावर आपलं भांडण आहे. श्रोत्यांसमोर ठेवला तर ती वर्गणी. जो कविता घेऊन आलाय आणि जिचा आपण निकाल लावणार आहोत त्याच्यासमोर ठेवला, तर त्याला मी वर्गणी म्हणत नाही.

हे माझं डोक्यात बसलेलं खूळ नाही, त्यामागे अनुभव आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका प्रातिनिधिक काव्यसंग्रहात मी कविता दिली. कोणाचा संग्रह ते सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही. दोन पानांचे पाचशे रुपये, त्यात दोन प्रती. पुस्तक आलं तेव्हा माझ्या कवितेचं शेवटचं कडवं गायब आणि त्याच्या जागी भलत्याच कोणाच्या तरी चार ओळी. (त्या माझ्या ओळींपेक्षा बऱ्या होत्या, हे वेगळं.) फोन केला तर म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. पुढची आवृत्ती कशाला निघतेय? त्या संग्रहाचे वाचक म्हणजे त्यात पैसे भरलेले कवी आणि त्यांच्या घरचे. पुस्तक छापून होण्याआधीच ते विकलं गेलं होतं, मग मुद्रितं कोण तपासणार? ज्याच्या चार ओळी माझ्या नावावर गेल्या तो कवी कोण, हे मला आजही माहीत नाही. त्यानंही पाचशे भरले असणार.

पुढे याच धंद्याला पुरस्कारांचं रूप आलं. ‘आपली राज्यस्तरीय काव्यरत्न पुरस्कारासाठी निवड झाली आहे, अभिनंदन!’ असा निरोप तुम्हालाही आला असेल. आपण कुठे काही पाठवलेलंच नसतं. दुसऱ्या निरोपात फेटा, स्मृतिचिन्ह आणि भोजनाचे पंधराशे. एका दुपारी साठ जणांना पुरस्कार द्यायचे म्हटले, तर नव्वद हजारांचा हिशोब होतो. मानपत्रावर नाव टाकायची जागा रिकामीच ठेवून छापलेली असते आणि ते नावही कधी कधी चुकतं. हे मी यादीत घेत नाही, घेणारही नाही. यावर कितीही वाद घाला.

पण तुमची स्पर्धा या माळेतली नाही आणि मी तिला त्याच माळेत ओवलं, ही माझी चूक. तुम्ही परीक्षकांची नावं आधी जाहीर केलीत, बक्षिसाची रक्कम लिहिलीत, मागच्या वर्षीचा निकालही जोडलात. मी ‘शुल्क’ एवढा शब्द वाचला आणि पुढचं वाचलंच नाही. शंभर निरोपांतून यादी काढायची म्हणजे अशी एक चाळणी हाताशी लागते, पण चाळणीतून दाणेही गेले तर ती बदलायला हवी.

आता पुण्या-मुंबईच्या दवंडीबद्दल. इथे मात्र मी मागे हटत नाही.

अखिल भारतीय संमेलन भरवणाऱ्या मराठी साहित्य महामंडळाचा कारभार ज्या चार जुन्या संस्थांभोवती फिरत आला, त्या पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), विदर्भ साहित्य संघ (१९२३), मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) आणि मराठवाडा साहित्य परिषद. यात खानदेश कुठे आहे? पुण्याच्या पदरात. विदर्भानं आपला संघ काढला, मराठवाड्यानं परिषद काढली, कोकणानंही १९९१ साली मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकारानं आपली परिषद उभी केली. आपण पुण्याच्या परिषदेच्या शाखेवर भागवलं. त्यामुळे पुण्याची बातमी आपल्याला लागते, मला पुण्याचा पुळका आहे म्हणून नव्हे. आपल्या तालुक्यातल्या शाखेचं सभासदत्व आणि मतदान त्या बातमीला बांधलेलं आहे.

सरकारी योजनांचंही तसंच. मी त्या पुन्हा पुन्हा टाकतो, कारण तिथे कवीच्या खिशातून पोस्टाचा खर्च सोडला तर काही जात नाही, आणि तरी आपल्याकडून पुस्तकं जातच नाहीत. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी आदल्या कॅलेंडर वर्षात निघालेली पहिल्या आवृत्तीची पुस्तकं साधारण जानेवारीत मागवतात. मुंबईला जावं लागत नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात देता येतात. काव्यातल्या प्रथम प्रकाशनाच्या पुरस्काराला नाव कोणाचं आहे? बहिणाबाई चौधरींचं, आपल्या आसोद्याच्या लेकीचं. त्यांची गाणी छापून आली १९५२ साली, त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी. आणि तो पुरस्कार मुंबईचा म्हणून आपण रुसून बसायचं?

साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार घ्या. २०११ पासून आहे, पन्नास हजार रुपये, पुरस्काराच्या वर्षी एक जानेवारीला वय पस्तिशीच्या आत हवं. अकादमीची जाहिरात आली की लेखकाला स्वतःचं पुस्तक स्वतः पाठवता येतं, शिफारशीसाठी कोणाच्या मागे फिरायला नको. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना तर ज्याचं एकही पुस्तक नाही त्याच्यासाठीच आहे. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला ते अनुदान देतात. तुमच्या स्पर्धेत दरवर्षी पहिले येणारे जे मास्तर आहेत, त्यांची वही भरलेली असेल तर ती तिकडे का जात नाही? हा टोमणा नाही, खरंच विचारतो आहे.

याच ओघात एक सांगून टाकतो. स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्यांकडून आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचे म्हणून वेगळे पैसे घेतले जातात, हे मी दोन-तीन बिलांवर पाहिलं आहे. तो क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था देते, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, आणि त्याला शुल्क नाही. लेखकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. अर्ज भरून देण्याची मजुरी कोणी मागितली तर ती मजुरी म्हणून मागावी.

आता तुमच्या नियमावलीकडे येतो. शुल्कापेक्षा मला खरं खटकलं ते नियम क्रमांक सातमध्ये : ‘स्पर्धेस पाठविलेल्या सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील.’ सर्व साहित्याचे! म्हणजे बक्षीस तिघांना आणि हक्क मात्र पाठवणाऱ्या प्रत्येकाचे. तुमच्या मनात काही वाईट नाही हे मला दिसतं. हे वाक्य तुम्ही कोणाच्या तरी जुन्या नियमावलीतून उतरवलंय, त्यांनीही कुठून तरी उतरवलं असणार. पण कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याचं कलम १९ या बाबतीत कवीच्या बाजूचं आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो, त्यावर कवीची सही लागते आणि कोणती रचना, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला काय, हे त्यात असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क घेऊन वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास, ते संपतात. कवितेवरचा कवीचा हक्क त्याच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. नातवंडांच्या कामाची गोष्ट तुम्ही एका ओळीत मागून घेताय.

त्याऐवजी एवढंच लिहा : ‘निवड झालेली कविता स्मरणिकेत एकदा छापण्यास कवीची परवानगी राहील.’ तुम्हाला लागतं ते सगळं यात आलं. ज्यांची निवड झाली नाही ते त्याच कवितेसह दिवाळी अंकाकडे जायला मोकळे. नाहीतर होतं काय, की अंकाचे संपादक विचारतात, ‘पूर्वप्रकाशित नाही ना? हक्क तुमच्याकडेच आहेत ना?’ आणि कवी घाबरून कविताच काढून घेतो. असं झालेलं मला एका मुलीनं सांगितलंय. कविता कापूस वेचणाऱ्या बायकांवर होती आणि चांगली होती.

आता तुमचं खरं निम्मं.

माझ्या यादीत गावं कमी येतात, कारण माझ्यापर्यंत येतं ते मी टाकतो आणि माझ्यापर्यंत नीट मजकूर पाठवतात ते शहरातले लोक. गावाकडून येतं ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं चित्र. त्यात प्रमुख पाहुण्यांचे सात फोटो, स्वागतोत्सुकांची वीस नावं आणि खाली बारीक अक्षरात ‘रविवार दि. १२’. कोणत्या महिन्यातला रविवार? तेच चित्र फिरत फिरत वर्षानं परत येतं. मागच्या वर्षी अशीच एक होऊन गेलेली स्पर्धा मी ‘नवीन’ म्हणून टाकली आणि दोघांनी रजिस्टर पोस्टानं कविता पाठवल्या. पाकिटं परत आली. त्या दोघांची माफी मागितली, पण तेव्हापासून तारीख नक्की नसलेलं काही घ्यायचं नाही असं ठरवलं आणि सोप्या मार्गानं गाव यादीतून गळत गेलं. फोन करून विचारणं हे माझं काम होतं. ते मी केलं नाही.

अहिराणीचे, म्हणजे आपल्या खानदेशी बोलीचे मेळावे मी यादीत घेत नाही, असं तुम्ही लिहिलंत तेही बरोबर. ‘मी अहिराणीत लिहीत नाही, मला त्यातलं कळत नाही’ ही माझी सबब होती. बातमी द्यायला लिहिता कशाला यायला हवं? या महिन्यापासून अहिराणीचे कार्यक्रम येतील, फक्त कोणी तरी कळवत राहा.

एका जागी मात्र तुम्ही आपल्याच भागाला कमी लेखताय. ‘आमच्याकडे कोण बघतं?’ असं तुम्ही म्हणता. १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, अध्यक्ष डॉ. कीर्तिकर. तिथे धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे कविता म्हणून गेला आणि ‘बालकवी’ होऊन बाहेर पडला. तेव्हा त्याच्या नावावर एक पुस्तकही नव्हतं. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली धुळ्यातून ‘कविता-रती’ हे नियतकालिक काढलं, फक्त कवितेला वाहिलेलं. मग राज्यभरचे कवी पाकिटावर धुळ्याचा पत्ता लिहायला लागले. अमळनेरला १९५२ नंतर २०२४ मध्ये पुन्हा अखिल भारतीय संमेलन भरलं. मधली बहात्तर वर्षं कोणी आपल्याला दाबून ठेवलं होतं, असं मला वाटत नाही.

मोठ्या संमेलनाचं फार कौतुकही नको म्हणा. एका संमेलनात कविकट्ट्यावर माझी निवड झाली होती. कविता आधी पाठवलेली, नंबर आला जेवणाच्या वेळेला. समोर नऊ जण, त्यातले सात पुढच्या नंबरचे कवी. आठवा माइकवाला. नववा कोण होता ते विचारायचं राहिलं, पण त्यानं एका ओळीला ‘वा’ म्हटलं, आणि मी घरी येऊन तीच ओळ बदलली. तुमच्या गावात देवळाच्या ओट्यावर दीडशे माणसं बसतात, असं तुम्हीच लिहिलंय.

तर आता असं करतो. शुल्क आहे म्हणून यापुढे बातमी वगळणार नाही. प्रत्येक बातमीखाली चार गोष्टी लिहीन : शुल्क किती आणि ते कशासाठी, परीक्षक कोण, कवितेचे हक्क कोणाकडे, निकाल कधी आणि कुठे. शुल्काचा आकडा बक्षिसाच्या आकड्याएवढ्याच ठळक अक्षरात. एखादं उत्तर मिळालं नाही, तर ‘आयोजकांनी कळवलं नाही’ असं लिहीन. वाचणाऱ्यांचं त्यांनी ठरवावं. पैसे भरून मिळणारे पुरस्कार बाहेरच राहतील.

तुमची स्पर्धा पुढच्या यादीत येईल. पंचवीस तारखेच्या आत नियम सातचं काय करताय ते कळवा. बदललात तर तसं छापतो, नाही बदललात तर आहे तसं छापतो. निकालाच्या दिवशी बोलावलंत तर येईन, भाडं माझं मी बघेन. फक्त दाराशी श्रोत्यांसाठी एक डबा ठेवा, मला त्यात काही टाकायचं आहे.

आणि पोस्टरवर महिना टाका. वर्षसुद्धा.