डॉजर्सनी चषक विकत घेतला, हे गणित बसत नाही

बेसबॉलचा हंगाम संपून फ्री एजंटांचे, म्हणजे जुन्या क्लबच्या बंधनातून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचे, करार जाहीर व्हायला लागले की एक मजकूर हमखास फिरू लागतो. आयपीएलमुळे पर्स, लिलाव, रिटेन हे शब्द आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे तो पटतोही चटकन. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये संघाच्या खर्चाला मर्यादा नाही, म्हणून लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ चे चषक पैसे मोजून घेतले. जपानी खेळाडू शोहेई ओतानीचे ७० कोटी डॉलर हिशेबात वर्षाला फक्त २० लाख दाखवून त्यांनी लीगचा टॅक्सही (पगारबिल ठरलेल्या आकड्यापलीकडे नेणाऱ्या संघाला भरावा लागणारा) चुकवला. लहान शहरांच्या संघांनी कितीही डोकं चालवलं तरी उपयोग नाही. उपाय एकच, आयपीएलसारखी सगळ्यांना सारखी पर्स.

सुरुवात ओतानीपासून करू, कारण तिथे मत-बित काही नाही, सरळ हिशेब आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये झालेला त्याचा करार दहा वर्षांचा. ७० कोटींपैकी ६८ कोटी त्याला २०३४ ते २०४३ या दहा वर्षांत मिळणार, तेही बिनव्याजी. खेळत असताना हातात वर्षाला २० लाख. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. पण लीगच्या टॅक्सच्या हिशेबात ओतानीचे २० लाख धरले जात नाहीत, वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाख धरले जातात. उशिरा मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य काढण्यासाठी व्याजदर ठरलेला असतो. या करारापुरता तो ४.४३ टक्के होता. आज ४ कोटी ४० लाखांची एफडी या दराने दहा वर्षं ठेवली तर हातात साधारण ६ कोटी ८० लाख येतात. ओतानीचं दर वर्षाचं थकवलेलं मानधन नेमकं तेवढंच आहे. म्हणजे ७० कोटी हा मथळ्यात छापायचा आकडा. आजच्या भावाने करार ४६ कोटींच्या आसपासचा, आणि टॅक्सही त्यावरच. पैसे लगेच द्यायचे असते तर कोणी ७० कोटी दिलेच नसते.

बरं, ‘आत्ता फुकट खेळवा, पुढचं पुढे बघू’ असंही नाही. प्रत्येक हंगामाच्या थकवलेल्या रकमेचं आजचं मूल्य त्यानंतरच्या दुसऱ्या १ जुलैपर्यंत क्लबला बाजूला काढून ठेवावं लागतं. ही सवलत डॉजर्सपुरतीही नाही. वॉशिंग्टन नॅशनल्सनी मॅक्स शर्झरच्या २१ कोटींपैकी निम्मे पैसे असेच पुढे ढकलले होते आणि २०१९ मध्ये चषकही जिंकला. तेव्हा कोणाला बेसबॉल बुडाल्यासारखं वाटलं नाही. न्यूयॉर्क मेट्स तर बॉबी बोनिला या कधीच निवृत्त झालेल्या खेळाडूला २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर देत राहणार आहेत, कारण ५९ लाखांचं देणं त्यांनी ८ टक्के व्याजाने लांबवलं होतं. दर वर्षी त्या तारखेला अमेरिकेत त्यावरून टिंगल होते, ती रास्तच आहे. ओतानीने शून्य व्याजावर तेच केलं, तर चलाख क्लब ठरला! आणि हीच रचना दुसऱ्यांनाही उपलब्ध होती. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे तेव्हाचे प्रमुख फरहान झैदी यांनी करारानंतर सांगितलं होतं की आमचा प्रस्तावही जवळपास तसाच होता. ओतानीला लॉस एंजेलिस हवं होतं.

या कराराबद्दल रास्त तक्रार एकच आहे. २०३४ नंतर तो कॅलिफोर्नियाबाहेर राहायला गेला तर त्या राज्याचा आयकर बुडू शकतो. राज्याच्या कंट्रोलर मलिया कोहेन यांनी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने यात लक्ष घालावं असं म्हटलंही होतं. पण तो भांडणाचा विषय कॅलिफोर्नियाचा. मिलवॉकीसारख्या लहान शहराच्या संघाचं त्यात काही बुडत नाही.

आता ‘टॅक्स चुकवला’ या आरोपाचं काय ते बघा. २०२५ मध्ये टॅक्सची पहिली पायरी २४ कोटी १० लाखांवर होती. डॉजर्सचं टॅक्सच्या हिशेबातलं पगारबिल गेलं ४१ कोटी ७० लाखांच्या वर. सलग तीन किंवा जास्त वर्षं मर्यादा ओलांडणाऱ्याला पहिल्या दोन कोटींवर ५० टक्के, पुढच्या दोन कोटींवर ६२, त्यापुढच्या दोनवर ९५ आणि त्याच्यावर जे काही असेल त्यावर ११० टक्के. एकूण टॅक्स झाला १६ कोटी ९४ लाख, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. शिवाय मर्यादेच्या चार कोटी वर गेलं की ड्राफ्टमधली (नवे खेळाडू क्रमाने निवडायच्या फेरीतली) पहिली निवड दहा जागा मागे सरकते, आणि क्वालिफाइंग ऑफर (जुन्या क्लबने देऊ केलेला एका वर्षाचा करार) नाकारून आलेला फ्री एजंट घेतला तर ड्राफ्टमधल्या दोन निवडी जातात. चुकवणारे लोक असे वागत नाहीत.

त्या वरच्या पायरीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण हिवाळ्याचं सगळं नियोजन तिथे अडतं. डॉजर्सनी २०२५ साठी मायकेल कॉनफोर्टोला एका वर्षाचे १ कोटी ७० लाख दिले. ११० टक्क्यांच्या पायरीवर उभं असताना तो खेळाडू क्लबला साडेतीन कोटींच्या वर पडतो. आणि त्याने केलं काय? फलंदाजीची सरासरी जेमतेम .१९९, प्लेऑफच्या एकाही फेरीच्या यादीत नाव नाही. चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख देऊन आणलेल्या टॅनर स्कॉट या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) सामन्याच्या शेवटी राखायची आघाडी दहा वेळा घालवली. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्लेऑफमध्ये, त्याने एक चेंडू टाकला नाही. त्याचं काम कोणी केलं? रोकी सासाकीने. पंचविशीच्या आतला म्हणून नियमाने त्याला अवघा ६५ लाखांचा बोनस मिळाला होता. एवढे पैसे पिट्सबर्गसारख्या हात आखडणाऱ्या संघालाही जड नव्हते.

म्हणजे ‘चषक विकत घेतला’ असं म्हणायचं तर नेमकी कोणती खरेदी कामाला आली ते सांगायला हवं. टोरंटोमधला २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना आठवा. नवव्या इनिंगमध्ये डॉजर्स एका धावेने मागे, एक जण बाद, आणि बरोबरीचा होमरन मारला मिगेल रोहासने, ५० लाखांवर खेळणाऱ्या छत्तिशीच्या माणसाने. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात टोरंटो ब्लू जेजचे तिन्ही बेस भरलेले असताना रोहासचा थ्रो होम प्लेटवर (धाव पूर्ण होते तिथे) पोचला तो आयझाया काइनर-फलेफा पोचण्याच्या इंचभर आधी. अकराव्या इनिंगमध्ये जिंकवणारा होमरन विल स्मिथचा, त्याला क्लबने २०१६ च्या ड्राफ्टमध्ये ३२व्या क्रमांकावर निवडलं होतं. त्याआधी आठव्या इनिंगमध्ये होमरन मारून अंतर कमी करणाऱ्या मॅक्स मन्सीला अॅथलेटिक्सने २०१७ मध्ये सोडून दिलं होतं.

हो, पिचर योशिनोबू यामामोतो पैशानेच आला. बारा वर्षांचे ३२ कोटी ५० लाख, वर जपानमधल्या त्याच्या क्लबला पाच कोटींहून जास्त. सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन त्याने मालिका संपवली, तेव्हा ते पैसे वसूल झाले. पण बातम्यांप्रमाणे मेट्सनीही तेवढेच देऊ केले होते.

आणि मेट्सची गोष्ट निघालीच आहे तर तिथे जरा थांबू, कारण त्या मजकुराला सगळ्यात अडचणीचं उदाहरण तेच आहे. २०२३ मध्ये मेट्सचं पगारबिल लीगमध्ये पहिल्या क्रमांकाचं, टॅक्स १० कोटींवर. शर्झर आणि जस्टिन व्हर्लँडर हे दोन पिचर वर्षाला प्रत्येकी ४ कोटी ३० लाखांच्या पुढे. ऑगस्ट उजाडेपर्यंत दोघांनाही दुसऱ्या संघांकडे धाडलं गेलं आणि संघ ७५ विजय, ८७ पराभव असा संपला. त्या वर्षी पगारबिलात पहिले तीन असलेले मेट्स, यँकीज आणि पाद्रेज, तिन्ही प्लेऑफबाहेर. २०२५ च्या हंगामाआधी मेट्सनी हुआन सोतोला पंधरा वर्षांचे ७६ कोटी ५० लाख दिले, एक पैसाही न थकवता. सोतोने ४३ होमरन मारले, म्हणजे माल खराब निघाला असंही नाही. जूनच्या मध्याला संघ ४५-२४ होता, लीगमध्ये सर्वोत्तम. शेवट ८३-७९, आणि तितकेच विजय असलेला सिनसिनाटी टायब्रेकरवर आत गेला.

डॉजर्सचाच आधीचा इतिहास बघितला तरी पुरे. २०२२ मध्ये १११ सामने जिंकून पाद्रेजकडून पहिल्याच मालिकेत हरले. २०२३ मध्ये १०० जिंकून ८४ विजयांच्या अॅरिझोनाकडून ०-३. तेव्हाही पैसा होताच.

मग पैशाने मिळतं काय? माझ्या मते दोन गोष्टी. १६२ सामन्यांच्या लांब हंगामात दर वर्षी प्लेऑफपर्यंत पोचण्याची जवळपास खात्री, आणि चूक पचवण्याची ताकद. स्कॉट आणि कॉनफोर्टो एकाच हिवाळ्यात फसले तर दुसऱ्या एखाद्या क्लबचं पुढचं दोन-तीन वर्षांचं नियोजन कोलमडलं असतं. डॉजर्सनी परेडच्या गाडीत बसून ते विसरून टाकलं. हा फायदा खरा आहे, मोठा आहे, आणि अन्यायकारकही आहे. २०१४ पासूनच्या पंचवीस वर्षांसाठी ८३५ कोटींचा टीव्ही करार ज्याच्या खिशात, त्याला हिवाळ्यात घाम फुटत नाही. फक्त याला चषक विकत घेणं म्हणत नाहीत.

लहान शहरांचं ‘डोकं चालवून उपयोग नाही’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. २०२५ मध्ये संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक, ९७ सामने जिंकले ते मिलवॉकी ब्रूअर्सनी, लीगमधल्या सगळ्यात छोट्या टीव्ही बाजारपेठेतल्या संघाने. नियमित हंगामात डॉजर्सविरुद्धचे सहाही सामने त्यांनी जिंकले होते. त्यांची पद्धत अशी की मोठा खेळाडू फ्री एजंट व्हायच्या एक वर्ष आधी त्याची अदलाबदल करायची आणि बदल्यात सहा वर्षांच्या बंधनातले (फ्री एजंट होण्याआधी क्लबकडेच राहावं लागणारे) स्वस्त, तरुण खेळाडू घ्यायचे. २०२४ च्या सुरुवातीला कॉर्बिन बर्न्स गेला, जोई ऑर्टिझ आला. वर्षअखेरीस डेव्हिन विल्यम्स गेला, केलेब डर्बिन आला. दोघेही २०२५ मध्ये रोज मैदानात. बर्न्सने पुढच्या हिवाळ्यात अॅरिझोनाकडून २१ कोटी घेतले आणि जूनमध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला. मिलवॉकीला प्लेऑफमध्ये डॉजर्सनी ४-० धुतलं हे खरं. पण चौथ्या सामन्यात ओतानीने तीन होमरन मारले आणि पिचर म्हणून सहा इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. त्या रात्री त्याच्यासमोर कोणाचीच पर्स पुरली नसती.

राहिली पर्स. आयपीएलमध्ये ती सगळ्यांना सारखी. २००८ ते २०२५ या अठरा हंगामांपैकी मुंबई आणि चेन्नई यांनी मिळून दहा जिंकले. त्याच अठरा वर्षांत मर्यादा नसलेल्या बेसबॉलमध्ये बारा वेगवेगळे विजेते झाले, आणि डॉजर्स-जायंट्स या सर्वात यशस्वी जोडीच्या वाट्याला आले सहा. तिकडे तीस संघ, इकडे आठ-दहा, त्यामुळे तुलना अगदी काट्यावर उतरत नाही, हे कबूल. तरी सारखी पर्स म्हणजे सारखे चषक हा समज त्याने फार काळ टिकू नये. आणि डॉजर्सच्या आधी लागोपाठ दोन चषक जिंकणारा शेवटचा संघ होता २००० चा यँकीज.

पर्स लावली तर डॉजर्सचा टीव्हीचा पैसा कुठे जाईल, हा प्रश्न तो मजकूर लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. पैसा तेवढाच येणार. खेळाडूला द्यायचा नाही म्हटल्यावर तो मालकाकडेच राहणार. १९९४ मध्ये मालकांनी ही मर्यादा मागितली, १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झालीच नाही. आताचा मालक-खेळाडू करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, आणि तेच भांडण पुन्हा मेजावर आहे.

त्याआधी दुसऱ्या टोकाकडे, कमी खर्च करणाऱ्या संघांकडेही कोणीतरी बघावं. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२५ मध्ये नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) सर्वोत्तम पिचर ठरला, पगार ८ लाख ७५ हजार. एवढी स्वस्त सोन्याची खाण हातात असताना पिट्सबर्ग पायरेट्स ९१ सामने हरले. त्यांनी फ्री एजंटला दिलेला २०२५ पर्यंतचा सर्वात मोठा करार फ्रान्सिस्को लिरियानोचा, ३ कोटी ९० लाखांचा, आणि तो झाला डिसेंबर २०१४ मध्ये. क्लबांच्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एकत्र करून सगळ्यांत सारखे वाटले जातात, म्हणजे डॉजर्सच्या कमाईतला वाटा पिट्सबर्गलाही पोचतो. तो घेणाऱ्या संघाचं पगारबिल मिळालेल्या रकमेच्या दीडपटीहून जास्त असावं, अशी अपेक्षा नियमात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अॅथलेटिक्सने लुईस सेव्हेरिनोला तीन वर्षांचे ६ कोटी ७० लाख दिले, क्लबच्या इतिहासातला तोवरचा सर्वात मोठा करार. खेळाडू संघटना याच नियमावर बोट ठेवून तक्रार करण्याच्या बेतात असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.