जंगल न तोडता संपवण्याविषयी काही सूचना

जंगल तोडणे हा अलीकडे फार बदनाम झालेला व्यवहार आहे. करवतीचा आवाज दूरवर जातो, उघडी पडलेली टेकडी उपग्रहाच्या छायाचित्रात दिसते, लोक मोर्चे काढतात आणि आपले नाव वर्तमानपत्रात येते, तेही नको त्या पानावर. महामार्ग, कालवा, रेल्वेमार्ग, वीजवाहिनी किंवा खाण यांपैकी कशाचा ना कशाचा आराखडा ज्यांच्या टेबलावरून पुढे सरकतो, अशा आपल्यासारख्या जबाबदार व्यक्तीने इतका उघडावाघडा मार्ग पत्करण्याचे काहीच कारण नाही. जंगल राहू द्यावे. त्याचे फक्त तुकडे करावेत. चादर फाडून तिचे रुमाल केले, तर कापड बोटभरही कमी होत नाही. ते पांघरता येत नाही एवढाच काय तो फरक, आणि पांघरण्याचा रकाना वार्षिक अहवालात नसतो.

यामागचे गणित समजून घेतल्यास आपला आत्मविश्वास वाढेल. एक किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद, म्हणजे १०० हेक्टरांचे चौकोनी जंगल डोळ्यांसमोर आणावे. जंगलाच्या कडेला ऊन अधिक, वारा अधिक आणि माती कोरडी असते; बाहेरचे तण, गुरे आणि मोकाट कुत्री तिथूनच आत शिरतात. हा परिणाम १०० मीटर आत पोहोचतो असे धरू (काही बाबतींत तो याहून पुष्कळ आत जातो, पण आपण लोभ करू नये). म्हणजे ज्याला खऱ्या अर्थाने आतले रान म्हणावे, ते उरले ६४ हेक्टर. आता त्यातून फुलीसारखे दोन रस्ते काढावेत. प्रत्येकी २५ हेक्टरांचे चार तुकडे झाले आणि आतले रान एकदम ३६ हेक्टरांवर आले. एवढ्यावर समाधान होत नसेल, तर आणखी रस्ते काढून २०० मीटर बाजूचे २५ तुकडे करावेत, म्हणजे आतले रान शून्य होते. रस्त्यांखाली गेलेल्या चिंचोळ्या पट्ट्या वगळल्या, तर कागदावरचे वनक्षेत्र मात्र जवळजवळ १०० हेक्टरच राहते, आणि ते तसे राहिले हे आपण कोणत्याही सभागृहात छाती पुढे काढून सांगू शकता. या कामी आपण एकटे आहात असेही समजू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार पृथ्वीवर उरलेल्या जंगलांपैकी सुमारे ७० टक्के जंगल कोणत्या ना कोणत्या कडेपासून एक किलोमीटरच्या आत आलेले आहे.

तुकडे केल्यावर पुढचे काम आपोआप होते, याची खात्री हवी असल्यास ब्राझीलकडे पाहावे. जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी १९७९ पासून तेथील मनौस शहराच्या उत्तरेला एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे जंगलाचे तुकडे राखून घेतले. गुरांच्या कुरणांसाठी भोवतालचे रान तोडले जाणारच होते. कोणता तुकडा सोडायचा, एवढेच त्यांनी ठरवून घेतले. त्या रानात लष्करी मुंग्यांचे थवे जमिनीवरचे किडे उठवत पुढे सरकतात आणि ते किडे टिपण्यासाठी काही पक्षी सतत त्यांच्या मागे असतात. मुंग्यांच्या एका वसाहतीला फिरायला जेवढे रान लागते, तेवढे छोट्या तुकड्यात नसते आणि एकाच वसाहतीवर या पक्ष्यांचे भागतही नाही. त्यामुळे राखलेल्या तुकड्यातले एकही झाड न तोडता आणि एकही गोळी न झाडता हे पक्षी तिथून गेले. शंभर हेक्टरांच्या तुकड्यातसुद्धा झाडोऱ्याखाली वावरणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत नाहीशा होतात, असा हिशेब पुढे मांडला गेला. उडता येणारा प्राणी मधली मोकळी जागा ओलांडेलच, ही आपली भीतीही निराधार आहे. दाट सावलीत जन्म काढलेल्या अनेक पक्ष्यांना ऐंशी मीटरांचा उजेडही ओलांडवत नाही.

हे सारे सावकाश घडते, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण. तुकडा झाल्याबरोबर काहीच मरत नाही. जुनी झाडे उभी असतात, वयस्कर प्राणी दिसत राहतात आणि पर्यटक छायाचित्रे काढत राहतात. शास्त्रज्ञ याला विलोपनाचे, म्हणजे जाती नामशेष होण्याचे, कर्ज म्हणतात: कर्ज आज काढायचे आणि वसुली काही दशकांनी व्हायची. तोवर आपली बदली, बढती किंवा निवृत्ती झालेली असते, आणि शेवटचा पक्षी दिसेनासा झाला तेव्हा खुर्चीवर कोण होते याची चौकशी झालीच, तर उत्तर देणारा कोणीतरी दुसरा असतो. प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास दोन-तीन वर्षांत आटोपण्याचा आग्रह आपण का धरावा, हे आता वेगळे सांगायला नको.

मधल्या काळात काही आनंदाच्या बातम्याही हाती येतील. त्यांचा उपयोग करून घ्यावा. व्हेनेझुएलात गुरी धरणाचा जलाशय १९८६ मध्ये पूर्ण भरला आणि टेकड्यांच्या माथ्यांची बेटे झाली. छोट्या बेटांवर मोठे शिकारी प्राणी टिकले नाहीत, त्यामुळे पाने कातरणाऱ्या मुंग्या, हाऊलर माकडे, इग्वाना नावाचे मोठे सरडे आणि उंदीर यांची दाटी मुख्य भूमीच्या १० ते १०० पट झाली. आपल्या जागी कोणी नवखा असता, तर त्याने या बेटांवर नवी रोपे का वाढत नाहीत असे विचारले असते. आपण मात्र ‘वन्यजीवांच्या संख्येत लक्षणीय वाढ’ एवढेच शीर्षक देऊन प्रसिद्धिपत्रक काढावे. रोपे पत्रके वाचत नाहीत.

मोठ्या मांसाहारी प्राण्यांच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी, कारण लोकांना ते आवडतात. एका तुकड्यात अडकलेला प्राणी उपाशी मरत नाही. त्याला जोडीदार मिळत नाही किंवा मिळतो तो नात्यातला. अमेरिकेत फ्लोरिडातील प्यूमा या मोठ्या रानमांजरांची संख्या १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वीस-तीसवर आली, तेव्हा त्यांच्या शेपट्यांची टोके मुडपलेली दिसू लागली, पाठीवर केसांचे उलटे भोवरे आले, काहींच्या हृदयात छिद्रे निघाली आणि नरांचे वृषण जागेवर उतरेनात. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या, तशी पुढची पिढी सरळ शेपटीची निपजली आणि संख्या काही पटींनी वाढली. यातली चिंतेची बाब आपल्या लक्षात आली असेल. पिढीमागे एखाददुसरा परका प्राणी आत आला आणि त्याची वीण झाली, तरी वर्षानुवर्षांच्या कोंडीचा बराचसा परिणाम पुसला जातो. एक वाट, एक प्राणी, एक रात्र एवढ्यावर आपले काम बिघडू शकते. म्हणून वाट बुजवताना हयगय करू नये.

वाट पूर्ण बुजवणे शक्य नसेल, तर आत अडकलेल्या एखाद्या प्राण्याला प्रसिद्धी मिळवून द्यावी. लॉस एंजेलिसमध्ये पी-२२ नावाचा नर प्यूमा वाहत्या महामार्गांच्या पलीकडून ग्रिफिथ पार्कमध्ये आला आणि सुमारे दहा वर्षे तिथे एकटाच राहिला. छायाचित्रे निघाली, चाहते मिळाले. मादी काही मिळाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गंभीर दुखापतींमुळे त्याला दयामरण द्यावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या भागातील महामार्गाच्या दहा मार्गिकांवरून प्राण्यांसाठी पूल बांधायला सुरुवात झाली होती. रस्ता आधी, कौतुक मग आणि पूल शेवटी, हा क्रम ध्यानात ठेवावा.

पुलाचा विषय निघालाच आहे, तर सांगतो: भ्रमणमार्गाला, म्हणजे प्राण्यांना एका जंगलातून दुसऱ्यात जाता यावे म्हणून राखलेल्या वाटेला, विरोध कधीही करू नये. विरोध केला की वाद होतो, आणि वाद झाला की लोक कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण देतात. तिथे महामार्गावर प्राण्यांसाठी सहा पूल आणि अडतीस भुयारी मार्ग आहेत, दोन्ही बाजूंना सलग कुंपण आहे आणि प्राण्यांशी होणाऱ्या वाहनांच्या टकरी ८० टक्क्यांहून अधिक कमी झाल्या आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळच्या महामार्गाखालून वाघ जातात, त्याचीही छायाचित्रे कोणीतरी दाखवतोच. तेव्हा हसतमुखाने ‘आम्हीही भ्रमणमार्ग देत आहोत’ असे म्हणावे आणि तो असा द्यावा की प्राण्याने त्यात पाऊल टाकू नये. त्यासाठी फारसा खर्चही येत नाही. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी जी मोरी घालायचीच होती, तिलाच वन्यजीव भुयारी मार्ग असे नाव द्यावे. तिच्या तळाशी वर्षभर घोटाभर पाणी राहील, असा उतार ठेवावा. मुखाशी प्रखर दिवे लावावेत, कारण प्राणी बहुधा रात्री निघतात आणि त्यांची सुरक्षितता आपल्याला महत्त्वाची आहे. कुंपण घालू नये. घातलेच तर मोरीच्या दोन्ही अंगांना वीस-वीस पावलांवर संपवावे. रस्त्याकडेची गटारे उभ्या, गुळगुळीत भिंतींची करावीत, म्हणजे भुयारापर्यंत पोहोचण्याच्या खटपटीत असलेले बेडूक आणि कासवे त्यातच राहतील.

सर्व प्राण्यांसाठी एकच नमुना वापरावा, हेही महत्त्वाचे. बॅन्फमध्ये असे दिसले की ग्रिझली अस्वले, लांडगे आणि एल्क नावाची मोठी हरणे यांना रुंद, मोकळा पूल लागतो. काळी अस्वले आणि प्यूमा अरुंद, झाकलेल्या वाटाही पसंत करतात. ज्याला जे नको ते त्याला देण्याची सोय इतक्या स्पष्टपणे क्वचितच लिहून ठेवलेली सापडते. शिवाय तिथल्या ग्रिझलींना नव्या वाटांवर विश्वास बसायला काही वर्षे लागली. त्यामुळे वापराची पाहणी पहिल्याच वर्षी उरकावी, ‘प्राण्यांचा प्रतिसाद अत्यल्प’ असा निष्कर्ष नोंदवावा आणि पुढच्या टप्प्यातील भुयारे त्याच आधारावर वगळावीत.

मार्गाचे दुसरे टोक कुठे जाते, याकडे तर मुळीच पाहू नये. नकाशावर हिरव्या पेन्सिलीने दोन जंगलांना जोडणारी पट्टी ओढावी. तिच्यापैकी आपल्या हद्दीत येणारा भाग जपावा आणि उरलेल्या भागात दुसऱ्या खात्याने खाणीला परवानगी दिली, तर ती त्या खात्याची बाब समजावी. जोडलेली पट्टी लहान असली तरी उपयोगी पडते, हे मात्र कोणाला कळू देऊ नये. अमेरिकेतील सॅव्हाना रिव्हर साइट येथे पाइनच्या दाट लागवडीत मोकळ्या वनाचे तुकडे तयार करून त्यांतील काही १५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद पट्ट्यांनी जोडले गेले. अठरा वर्षांनी जोडलेल्या तुकड्यांत न जोडलेल्या तुकड्यांपेक्षा वनस्पतींच्या १४ टक्के अधिक जाती होत्या. वनस्पतींना पाय नसतात. पण त्यांची बीजे घेऊन जाणारे पक्षी असतात, परागकण नेणारे कीटक असतात, वारा असतो, आणि या सर्वांना ती पंचवीस मीटरांची पट्टी पुरेशी वाटली.

शास्त्रज्ञांना घाबरण्याचेही कारण नाही. त्यांच्यात मतभेद आहेत आणि मतभेद ही आपली शिदोरी. एक मोठे अभयारण्य बरे की अनेक लहान, यावर १९७०च्या दशकापासून वाद चालू आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ लेनोर फॅरिग यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की अधिवासाचे एकूण क्षेत्र तेवढेच राहिले, तर नुसत्या विखंडनाचे, म्हणजे तुकडे होण्याचे, जे ठळक परिणाम नोंदले गेले, त्यांपैकी बहुसंख्य जैवविविधतेला अनुकूल होते. हे वाक्य पाठ करावे. ‘क्षेत्र तेवढेच राहिले तर’ ही अट म्हणताना खोकला काढावा, आणि म्हणूनच लहान तुकडेही वाचवले पाहिजेत, हा त्यांचा पुढचा मुद्दा सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर ठेवावा. तोवर वेळ संपते. वाटेवरून रोग पसरतात, आग पसरते, उपद्रवी जाती शिरतात, हेही आक्षेप संशोधकांनी गांभीर्याने मांडलेले आहेत. आयुष्यात एकदाही प्राण्यांच्या प्रकृतीची चौकशी न केलेल्या माणसाने ते तितक्याच गांभीर्याने उद्धृत करायला हरकत नाही.

आता शेवटचा आणि थोडा नाजूक भाग. काम झाल्यावर कुंपण काढले तरी चालेल, असे काही जण मानतात. त्यांचा आधार चेक प्रजासत्ताक आणि जर्मनीच्या सीमेवरची लाल हरणे. शीतयुद्धाच्या काळातले विजेचे कुंपण गेल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ तिथली हरणे त्या जुन्या रेषेपाशी येऊन मागे वळत होती. कुंपण त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. आयांच्या मागे फिरताना पिलांनी कुठे थांबायचे तेवढे उचलले होते. उदाहरण सुंदर आहे, पण त्यावर विसंबू नये, कारण बोत्स्वानाचे उदाहरण नेमके उलटे आहे. तिथे १९६८ मध्ये गुरांमधली रोगराई रोखण्यासाठी घातलेल्या कुंपणाने ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशापासून मकगाडिकगाडीच्या माळांपर्यंतचे झेब्र्यांचे स्थलांतर थांबले होते. २००४ मध्ये कुंपण निघाले आणि काही वर्षांतच झेब्रे एका बाजूने अडीचशे किलोमीटरांहून लांब असलेली ती चाल पुन्हा चालू लागले. ती वाट पूर्वी तुडवलेला एकही झेब्रा तोवर जिवंत असण्याची शक्यता नव्हती. म्हणून तारेवर काम भागवू नये. तार गंजते आणि कोणीतरी एक दिवस ती काढण्याचा ठराव मांडतो. वाट मोडायचीच असेल, तर तिच्यावर वसाहत बसवावी, सदनिका विकाव्यात आणि माणसे राहायला येऊ द्यावीत. त्यानंतर त्या वाटेने जो प्राणी येईल त्याची नोंद अतिक्रमण करणारा अशी होते आणि त्याला पकडून नेण्यासाठीचा अर्ज रहिवासी स्वतःच लिहून देतात.