दुसरी पसंती म्हणजे दुसरे मत नव्हे

विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघाची निवडणूक जवळ आली की एक संदेश फिरू लागतो: दुसऱ्या पसंतीमुळे काहींना दोन मते मिळतात, म्हणून मतपत्रिकेवर फक्त १ लिहा, आणि पहिल्या फेरीत जो पुढे, तोच बहुमताचा उमेदवार. यातले एकही विधान टिकणारे नाही.

या निवडणुकीत मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो. कोणालाही कोटा, म्हणजे अर्ध्याहून अधिक मते, मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि पुढची फेरी होते. कोणत्याही फेरीत प्रत्येक मतपत्रिका फार तर एकाच उमेदवाराच्या गठ्ठ्यात असते. बाद झालेल्याची मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जाते आणि टिकलेल्याचे मतही त्या फेरीत धरलेच जाते, तेव्हा दोन मते कोणालाच मिळत नाहीत.

जागा एकच असल्यामुळे तुमच्या पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद होईपर्यंत तुमच्या २ या आकड्याचा विचारही होत नाही. तो न लिहिल्यास मात्र तुमची मतपत्रिका त्या क्षणी मोजणीबाहेर पडते.

आघाडी आणि बहुमत यांची गल्लत मला सर्वांत गंभीर वाटते. याच पद्धतीने झालेल्या १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीचे ४,०१,५१५ आणि नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ इतके मतमूल्य (तिथे खासदार-आमदारांच्या प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते) मिळाले होते, तर कोटा ४,१८,१६९ होता. पुढच्या पसंती, त्यातही मुख्यतः चिंतामणराव देशमुखांच्या मतपत्रिकांवरच्या, मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले. गिरीच जिंकले, पण जवळपास ८८ हजारांची आघाडी १४,६५० वर आली.

या पद्धतीचे समर्थकही एक चूक करतात, आणि ती झाकणे मला योग्य वाटत नाही: या मोजणीतला विजेता नेहमी बहुमताचाच असतो, असे ते मानतात. १०० मतदार धरू. ४० जणांचा क्रम अ, क, ब. ३५ जणांचा ब, क, अ. २५ जणांचा क, ब, अ. पहिल्या पसंतीत अ पुढे आहे. क बाद होऊन त्याची मते ब कडे गेली की ब ६० विरुद्ध ४० असा जिंकतो. मात्र समोरासमोर लावल्यास क हा अ ला ६०-४० आणि ब ला ६५-३५ असे हरवतो. प्रत्येक जोडीत जिंकणाराच बहुमताचा, ही कसोटी फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी १७८५ मध्ये मांडली. आपल्या मोजणीत अशा जोड्या लावल्या जात नाहीत. त्यामुळे आपला विजेता शेवटच्या फेरीत उरलेल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक पसंतीचा असतो, एवढेच म्हणता येते. आणि तेही त्या फेरीपर्यंत टिकलेल्या मतपत्रिकांपुरतेच.